नखाएवढा चेहरा

श्रीपादपंत गेले त्याला आज महिना झाला. वहीत रोज जपाच्या माळा नि घरातलं काहीबाही लिहिते, आज त्यांचं लिहिते. त्यांच्या मागे लिहिणारं दुसरं कुणी नाही.

आमच्या ओळीतल्या शेवटच्या खोलीत ते एकटे राहात. कचेरीत नक्कलनवीस होते. लग्न केलं नाही. सुटीच्या दिवशी किला गेटच्या कबाड्याकडे, म्हणजे रद्दीवाल्याकडे, जात, नाहीतर दाल बाज़ारात, जिथे जुन्या पोथ्यांची पानं फाडून हिंग-जिऱ्याच्या पुड्या बांधतात. शोधत एकच पोथी, उदयावती राणीची. दुष्काळात घरातली शेवटची भाकरी जोग्याच्या झोळीत घालणाऱ्या राणीची ही जुनी कथा. पंचावन्न-छप्पन वर्षांपूर्वी आमच्या या लष्कर भागातच एका शिळाप्रेसवर ती चित्रांसकट छापली होती. श्रावणातल्या शुक्रवारी आम्ही बायका ती वाचायचो. एक प्रत मिळाली की पंत दुसरी शोधायला निघत.

कबाड्यालाही त्यांचं वेड माहीत झालं होतं. "पंडितजी, आपके लिए रानी आई है!"

"चेहरा है?"

"अब चेहरा तो... पुराना माल है साहब."

बायका विहिरीवर हसत. "पंतांनी राणीशीच लग्न लावलंय ग!" मीही हसले आहे. खोटं कशाला लिहू?

एकदा कोजागिरीचं दूध घ्यायला आले, तेव्हा मी विचारलंच. "पंत, अकरा प्रती झाल्या. एकच कथा किती वेळा वाचाल?"

ते म्हणाले, "वहिनी, ती राणी माझी आई आहे."

मग कळलं. शिळेवर ती चित्रं काढणारे चितारी म्हणजे पंतांचे वडील. पंत जन्मले नि आई गेली. फोटो काढण्याइतकी ऐपत नव्हती. वडिलांनी त्याच वर्षी ही पोथी चितारायला घेतली नि उंबऱ्यात भाकरी घेऊन उभ्या राणीला बायकोचा चेहरा दिला. मग पटकीत तेही गेले. आत्येनं पंतांना हे सांगितलं तेव्हा ते दहा वर्षांचे होते. धावत जाऊन पोथी उघडली, तर घरच्याच प्रतीत राणीच्या चेहऱ्याच्या जागी लाल डाग! आत्या दर उद्यापनाला राणीला हळदीकुंकू वाहायची.

अकराही प्रतींची तीच गत. घराघरातल्या बायकांनी ओल्या बोटानं राणीला कुंकू लावलेलं. आधी कपाळ गेलं, मग डोळे, मग नाक. एका प्रतीत नुसती हनुवटी उरली होती. पंत ती हनुवटी दाखवत.

रात्रभर ते डोक्यातून जाईना. सकाळी देवापुढे कुंकवाचा करंडा उघडला नि एकदम सुचलं. तशीच त्यांच्या दाराशी गेले. "पंत, तुम्ही सगळ्या सवाष्णींच्या पोथ्या गोळा केल्यात. जिला कुंकवाला हात लावायची मुभाच नाही, तिच्या घरची पोथी कशी असेल?"

"आहे असं घर?" त्यांनी विचारलं.

सराफ़्याच्या मागे विजयाबाई राहतात. अकराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं. त्यांच्याकडे पोथी होती, पण द्यायला तयार नव्हत्या. "माझी सोबत आहे ग ती." दहा महिने मी जात राहिले. पुढच्या श्रावणात एका शुक्रवारी त्यांनी आपणच पोथी काढून दिली. "घेऊन जा त्या लेकराला. मला पाठ आहे." बावन्न वर्षांचं लेकरू!

पंत कचेरीतून यायचे होते. पोथी घरात आली म्हणून पाट मांडला, समई लावली, राणीचं पान उघडलं. आणि ती दिसली. इतकी शांत, इतकी जिवंत, की माझे हात जोडले गेले. मग ज्या बोटानं तीस वर्षं देवांना कुंकू वाहिलं, तेच बोट ओलं होऊन करंड्यात गेलं. राणीचा चेहरा माझ्या नखाएवढा. बोट उचललं तेव्हा तिथे लाल ठिपका होता. घाबरून पदरानं पुसलं, तर शाईसुद्धा पदराला आली.

पंत आले. मी पाटाकडे बोट दाखवलं. त्यांनी पान उचलून खिडकीशी नेलं. मग म्हणाले, "वहिनी, ओलं आहे अजून."

मी रडायला लागले. ते पाटाशेजारी खालीच बसले.

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं."

"मग सांगा."

मी सांगितलं. कपाळ रुंद. नाकात नथ नाही, नुसती चमकी. ओठ डावीकडून किंचित वर, कुणी हाक मारलीय नि ती आता ओ देईल असे. पंतांनी आपल्या ओठांना हात लावला. "असे?"

"असेच."

त्यानंतर त्यांनी पोथी शोधली नाही. दर शुक्रवारी चहाला येत नि म्हणत, "सांगा." असं चार वर्षं. आमचे हे थट्टा करत, "आता मलाही पाठ झालं!" माझीच मला मात्र हळूहळू खात्री वाटेनाशी झाली. पाहिलेला चेहरा सांगते आहे, की समोर बसलेल्या पंतांचा? त्यांना हे कधी बोलले नाही.

दुखणं वाढलं तेव्हा मीच त्यांच्या खोलीत जाऊन सांगायची. शेवटच्या शुक्रवारी डोळे मिटलेले होते. मला वाटलं, ऐकत नाहीत. मी आपली भराभर कपाळ सांगितलं, ओठ सांगितले, नि उठले.

"वहिनी," ते म्हणाले, "चमकी विसरलात."

बाराही पोथ्या आता माझ्या फळीवर आहेत. देवघरात ठेवल्या नाहीत. चमकी होती, डाव्या नाकपुडीत. इथे लिहून ठेवते.