कोरेगावच्या बारशाची सीडी

माझा स्वभाव तापट, हे साताऱ्यात माझ्याकडून लग्नाचं शूटिंग करून घेतलेल्या कुणालाही विचारा. कॅमेऱ्यापुढून कुणी गेलं की मी भर मांडवात ओरडायचो, मग तो नवरीचा मामा का असेना. शिवाय एकदा माझं मत झालं की झालं. नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा माझं मत झालं, की व्हिडिओ कॅसेटचे दिवस भरले, आता सीडी.

सीडी लिहायचं यंत्र, म्हणजे रायटर, घ्यायला मी सांगलीला गेलो. विश्रामबागेतला विक्रेता माझा जुना दोस्त. त्याने दोन कोऱ्या चकत्या पुढे ठेवल्या. एक साधी, एकदा लिहिली की कायमची. दुसरी पुसून पुन्हा पुन्हा लिहिता येणारी. रायटर दोन्ही लिहीत होता. मी विचारलं, "आणि ती डीव्हीडी?"

"तिच्या नादाला आत्ताच लागू नकोस गड्या. कंपन्यांचंच आपसात जमंना. एक म्हणती नावापुढं वजाची खूण असलेली चकती, दुसरी म्हणती अधिकची खूणवाली. एकाची चकती दुसऱ्याच्या यंत्रात चालंल याची खात्री न्हाई."

मी हसलो. म्हटलं, बरं आहे, आपल्या सीडीत असली भानगड नाही. तो आणखी काहीतरी सांगत होता, कुठल्या प्लेअरवर लावणार ते बघून चकती निवड म्हणून. पण मला एसटी गाठायची होती आणि शिकवलेलं मला तसंही आवडत नाही. माझा हिशेब सोपा होता. एकदाच वापरायची ती पत्रावळ, घासून पुन्हा वापरायचं ते ताट. पाहुण्याला आपण ताटातच वाढतो. तेव्हा खास गिऱ्हाइकाला पुसता येणारी, भारीतली चकती द्यायची, असं मी एसटीतच ठरवून टाकलं.

पहिलं खास गिऱ्हाईक लगेच आलं. कोरेगावच्या एका फौजीची बायको. तिच्या मुलीच्या बारशाचं शूटिंग मीच कॅसेटवर केलं होतं. तेव्हा नवरा सरहद्दीवर होता. आता मुलगी दहा महिन्यांची झाली होती, आणि तो पंधरा दिवसांच्या सुट्टीवर पहिल्यांदाच तिला बघायला आला होता. येताना त्याने फौजी कॅन्टीनमधून सीडीचा प्लेअर आणला होता. त्याला बारसं बघायचं होतं. मी म्हटलं, वहिनी, फौजीच्या घरचं काम, एकदम भारीतली सीडी देतो.

दिली. तिसऱ्या दिवशी वहिनी मुलीला कडेवर घेऊन परत. "दादा, ही लागत न्हाई."

मी कॉम्प्युटरवर लावली. पाळणा, फुगे, घुगऱ्या, सगळं स्वच्छ दिसत होतं. "बघा की! झकास चालतेय. तुमचा प्लेअर बिघडलाय."

"आवं, पर गान्याच्या सीडी चालत्यात की त्याच्यावर."

झालं! माझं डोकंच फिरलं. "वहिनी, हे काम तुम्ही करता का मी करतो? प्लेअर बिघडलाय म्हणजे बिघडलाय. दुरुस्त करून घ्या." दुकानात आणखी दोघं बसलेले होते. वहिनींनी पदर सावरला, सीडी पिशवीत ठेवली आणि निघून गेल्या. त्यांची मुलगी तेवढी माझ्याकडे बघून रडायला लागली.

पुढच्या आठवड्यात एका लग्नवाल्याची तीच तक्रार आली. मी एसटीडी बूथवरून सांगलीला फोन लावला. दोस्त पोट धरून हसला. "आरं, पुसायची चकती कमी चमकती, प्लेअरचा उजेड नीट परत फेकत न्हाई. साध्या प्लेअरला ती वाचताच येत न्हाई. तवा सांगत होतो, तर तुला एसटीची घाई!"

मी त्याच दुपारी साध्या चकतीवर बारसं लिहिलं आणि कोरेगाव गाठलं. वहिनी दारातच होत्या.

"हे काल गेलं, ड्यूटीवर," त्या म्हणाल्या.

तरी मी आत जाऊन सीडी लावली. पहिल्या झटक्यात लागली. पडद्यावर आत्या पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात नाव सांगत होती. मी म्हणालो, "वहिनी, प्लेअर चांगला होता. चूक माझीच. मी तुम्हाला उगाच बोललो."

"व्हय, त्यो पुन्याचा दुरुस्तीवाला बी म्हनला, चांगला हाय म्हनून."

"पुण्याचा?"

"तुमी बिघडलाय म्हनला न्हवं? हितं कुनाला जमंना, मग ह्यांनी पुन्याला न्हेला. दोन दिस गेलं त्यात." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत त्या सांगत होत्या, "पोरगी त्यांच्याकडं जाईतच न्हवती. वळख न्हाई ना. घ्यायला गेलं की रडायची. लय करायचं ते, बाहुली दाखवायचं, आवाज काढायचं. शेवटी गेली एकदाची."

"कधी?"

"काल. निघताना पिशवी खांद्याला लावली, तवा."

टीव्हीवर बायका पाळणा म्हणत होत्या. ते दोन दिवस हाताशी असते तर पोरगी बापाकडे दोन दिवस आधी गेली असती, हे वहिनी बोलल्या नाहीत. मला ते आपलं आपणच कळलं.