शुभांगीच्या वर्षश्राद्धाचं उड्डाण

आज शुभांगीला जाऊन वर्ष झालं, आणि तिच्या आठवणीत ठेवलेलं उड्डाण मी रद्द केलं.

ग्रुपवर सकाळपासून "व्हिडिओ टाक, व्हिडिओ टाक" चाललंय. व्हिडिओ नाहीये. काय झालं ते एकदाच इथे लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : शुभांगी आमची चीफ इंजिनिअर. पुण्याजवळच्या चांदे गावातल्या शेडमध्ये आम्ही जे प्रवासी विमान बनवतोय, ते तिच्या डोक्यातून आलंय.

हेलिकॉप्टरसारखं जागेवरून वर चढायचं, मग विमानासारखं पुढे जायचं. चढायला बॅटरी, लांबच्या पल्ल्याला इंजिन.

ती नांदेडची. हिंजवडीत नोकरीला लागली तेव्हापासून घरून परतताना रात्रभर बसमध्ये अंग मोडून घ्यायची आणि सकाळी तशीच ऑफिस गाठायची.

"नांदेडला जेवून निघायचं आणि चहाला पुण्यात," हे तिचं पालुपद. आम्ही जाम चिडवायचो.

मागच्या वर्षी मेंदूत रक्तस्राव झाला. सकाळी माझ्याशी फोनवर भांडली, संध्याकाळी नव्हती.

तर वर्षश्राद्धाला मुठा गावाजवळच्या माळावर उडवायचं ठरलं. आतापर्यंत विमान नुसतं वर जाऊन खाली यायचं. आज पहिल्यांदाच, आत माणूस न बसवता, वर गेल्यावर पुढे न्यायचं होतं.

सगळ्यात अवघड टप्पा. शुभांगीचं राहिलेलं काम.

तिची आई नांदेडहून आली. इन्व्हेस्टर आले. विमानाशेजारी हार घातलेला फोटो ठेवला.

आणि जमिनीवरच्या चाचणीत मागची एक मोटर बाकीच्यांपेक्षा जास्त तापली. लिमिटच्या आतच होती. पण का तापतेय, ते कुणालाच सांगता येईना.

टीममधली पोरं म्हणाली, "सर, लिमिटमध्ये आहे. आज तरी उडवू या. मॅडमसाठी."

माझंही मन तेच म्हणत होतं, खोटं कशाला बोलू.

पण असेच एकदा पाहुणे आलेले असताना शुभांगीनं ऐनवेळी सगळं बंद करायला लावलं होतं. मी कचाकचा भांडलो होतो. बाई ढिम्म.

"कारण कळलं नाही तर उडवायचं नाही. जा, पाहुण्यांना चहा पाज."

मी रद्द म्हटलं.

माळाचे मालक तात्या भडकलेच. "आवो सायेब, नारळ फोडून बसलोय मी! लोकं लई लांबून आल्यात. आन् आता न्हाई म्हंताय?"

"तात्या, नारळानं मोटर गार होत नाही."

"व्हय, पर त्या माऊलीला कोन सांगनार?"

सांगायचं मलाच होतं.

काकू, म्हणजे शुभांगीची आई, फोटोजवळ खुर्चीवर बसल्या होत्या. मी समोर उकिडवा बसलो.

"काकू, आज नाही उडणार. एक मोटर तापतेय, कारण सापडत नाहीये."

त्यांनी विमानाकडे बघितलं.

"शुभांगीनं उडवू दिलं असतं का?"

"नाही."

"मग मला कशाला विचारायलास?"

मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर, इन्व्हेस्टरांसकट.

काकूंनी पर्समधून मोबाईल काढून माझ्या हातात दिला. "रात्रीच्या गाडीचं तिकीट आहे त्यात. कॅन्सल करून टाक. मी काय फोटोला हार घालायला आले का इथपर्यंत? उडताना बघूनच जाणार."

शुभांगी, काकू आमच्या घरी आहेत. मोटर शेडमध्ये उघडून ठेवलीय. कारण अजून सापडलेलं नाही.

सापडेल. ते सापडल्याशिवाय मी उडवणार नाही, आणि उडवल्याशिवाय तुझी आई हलणार नाही.

तुला मनापासून नमस्कार, बाई.