काळा पडदा

नोकरी गेल्यावर लोक रेझ्युमे पाठवत बसतात. मी खांदेश्वरच्या आमच्या फ्लॅटमध्ये वेगळंच काम अंगावर घेतलं. जगात मोजकेच लोक वापरतात अशी एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. कॉलेजपासून माझा तिच्यावर जीव. ती मला माझ्या लॅपटॉपवर चालवायची होती. तो लॅपटॉप विचित्र होता. आत मोबाइलसारखी चिप, मॉडेल बाजारातून केव्हाच बंद झालेलं, आतल्या भागांची माहिती कुठेच नाही. पण हे जमलं तर आपण अजून कामाच्या आहोत, असं मला वाटणार होतं. दुसरं काही उरलंच नव्हतं.

बटण दाबलं की कंपनीचं चिन्ह यायचं, सिस्टिम उभी करायला मी लिहिलेला कोड सुरू व्हायचा आणि पडदा काळा. एरर नाही, एक अक्षर नाही. आत काय बिघडतंय ते कळायला मदरबोर्डवरच्या दोन बारीक ठिपक्यांना वायरी जोडाव्या लागतात. सोल्डर करताना जास्त तापवलं आणि एक ठिपका उखडूनच आला. आता आत डोकावायची वाटही बंद. मी स्वयंपाकघरात गेले, मिक्सर चालू केला आणि त्या आवाजात रडून घेतलं.

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडेच असतात. रत्नागिरीकडचे, बँकेतून रिटायर झालेले. ते दारात येऊन म्हणाले, "काय गो, दिसलं का काही?"

"नका ना विचारू, बाबा."

ते गेले नाहीत. रिकामा मिक्सर त्यांनी बंद केला आणि चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी शेवटचा उपाय म्हणून मी लॅपटॉपच्या कडेचा चार्जिंगचा बारका दिवा हाताशी धरला. कोडचा एकेक टप्पा पार पडला की तो एकदा लुकलुकेल, असं केलं. माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नव्हता. बाबांना चष्मा लावून समोर बसवलं.

"तीनदा," ते म्हणाले.

"चौथ्यांदा?"

"नाही बाय. तीनच."

कितीतरी दिवस तीनच. मी कोड बदलायची, ते मोजायचे. मग एकदा लक्षात आलं, मशीनने स्वतःसाठी राखून ठेवलेल्या मेमरीला माझा कोड हात लावतोय आणि मशीन जागीच मरतंय. तेवढा भाग मी वगळला.

"चार! अगो, पाच!" बाबा उभेच राहिले. पडद्यावर पांढरी अक्षरं धावत होती. ती थांबली तशी त्यांनी वाकून शेवटची ओळ वाचली. "कीबोर्ड सापडत नाही म्हणतंय. हा काय, समोर तर आहे!"

मी हसायला लागले आणि मला ते थांबवता येईना. बाबा घाबरून पाणी आणायला धावले.

पुढे नोकरी लागली. या कामाचा तिच्याशी काही संबंध नव्हता, मुलाखतीत कुणी विचारलंही नाही. लॅपटॉपचा कीबोर्ड अजून चालत नाही. रविवारी बसते मी.