रिकामी बॅग घेऊन फलोदीला

आईने दोन बॅगा भरल्या आणि तिसरी रिकामीच घेतली. "ही वैशूच्या कपड्यांना."

वैशाली माझी धाकटी बहीण. तिचा नवरा नीलेश राजस्थानात फलोदीजवळ एका सोलर प्लांटवर असतो, दोघं तिथल्याच गावात भाड्याने राहतात. वैशूला सातवा महिना लागला होता. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, म्हणून तिला आणायला निघालो. तिला यायचंय का, हे आईने विचारलं नव्हतं. मीही नाही.

टेमघरहून रिक्षाने खारबाव, तिथून वसई, वसईहून जोधपूरची गाडी. खारबावला गाड्या मोजक्याच आहेत, तेव्हा वेळ हाताशी ठेवून निघा. थ्री टियर एसीचं तिकीट दोन हजारांच्या आत मिळालं. तांदळाच्या भाकऱ्या आणि लसणीची चटणी दुसऱ्या दिवशीही छान लागली. आईने वैशूच्या डोहाळ्यांसाठी सुके बोंबील डब्यात घालून, वर दोन पिशव्या बांधून घेतले होते. तरी समोरच्या काकांनी नाक मुरडलंच.

"बहनजी, सीट के नीचे कुछ है क्या?"

"अचार है," आई शांतपणे म्हणाली. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

जोधपूरहून फलोदीची बस तीनेक तास घेते. चैत्र होता, मला वाटलं नुसती रखरख दिसेल. पण मध्येच रोहिड्याची झाडं केशरी फुलांनी लगडलेली, आणि केर नावाच्या काटेरी झुडपांवर बारीक लाल फुलं. "पान न्हाय न फुलं बघ किती!" आई बोट दाखवत म्हणाली. ऊन सोसत नसेल तर तुम्ही फाल्गुनातच जा, आम्ही दुपारी घराबाहेर पडलो नाही.

वैशूकडच्या पहिल्या सकाळी आई कुरकुरतच उठली. आमच्या टेमघरच्या घरामागे कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना आहे. "खटखट न्हाय त झोप कशी येल?"

चहा घेऊन गच्चीवर गेलो, तर घरमालकीण काकीसा उकडलेल्या सांगऱ्या उन्हात पसरत होत्या. सांगरी म्हणजे खेजडीच्या झाडाच्या कोवळ्या शेंगा, वाळल्या की काटक्यांसारख्या दिसतात. आई न सांगता खाली बसली आणि पंजाने त्या परतू लागली. अंगणात जवळ्याची सुकी मासळी परतते, अगदी तशी.

"आपको तो आता है!" काकीसा खूश.

"हमलोग भी सुकाता है ना," आई म्हणाली. "दुसरा चीज." वैशूने माझ्याकडे डोळे मोठे केले. काकीसा पक्क्या शाकाहारी, त्यामुळे बोंबलांचा डबा घरात उघडायचाच नाही, असं वैशूने आल्याआल्या बजावलं होतं.

म्हणून संध्याकाळी नीलेशने गाडी काढली. गावापासून लांब, वाळूच्या टेकाडापाशी तीन दगड मांडून बोंबील भाजले. सोबत काकीसांनीच बांधून दिलेल्या बाजरीच्या भाकऱ्या. त्यांच्या भाकरीशी बोंबील खावेत की नाही, हा प्रश्न मला पडला. भूक लागल्यावर तो मागे पडला, हेही खरंच. वैशू मात्र मिटक्या मारत होती.

"घरी चल, रोज खा," आई म्हणाली. "बॅग आनलीय."

"आई, मी येणार नाही. इथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, गाडीची सोय आहे, सगळं बघून ठेवलंय. नीलेशने काय बाळ पहिल्यांदा मोबाईलवर बघायचं?"

नीलेश विस्तव सारखा करत बसला.

"लोक बोलतील, आईशीनं पोरीला आनली न्हाय."

"सांग त्यांना, पोरीने आईला नेलं."

आईने माझ्याकडे वळून पाहिलं. "तू काय गो गप?"

माझी दोन्ही बाळंतपणं टेमघरच्या घरात झाली. मालीश, शेक, आयतं ताट, सगळं आईच्या हातचं. ते वैशूला मिळू नये असं कसं म्हणू? पण ठरवायचं कोणी? "आपण निघायच्या आधी तिला विचारायला हवं होतं," एवढंच बोलले. आईने काटे कागदात गुंडाळले, पिशवीत टाकले आणि गाडीत जाऊन बसली.

पुढचे दोन दिवस तिने काकीसांबरोबर सांगऱ्या परतल्या, वैशूच्या पायांना तेल लावलं. निघताना काकीसांनी रिकामी बॅग बघितली आणि ती सांगऱ्या, केराची वाळवलेली फळं, बाजरीचं पीठ यांनी भरून टाकली. आईने चेन लावता लावता विचारलं, "जून में इधर गरमी कितना?"

"बहुत."

"पंखा है ना?"

"कूलर है."

"फिर चलेगा."

वैशू तिथेच गळ्यात पडली. "हलू, हलू! पोट सांभाल," आई ओरडली.

घरी आल्यावर सांगऱ्या शेजारीपाजारी वाटल्या. आईने आमच्या वाटणीच्या सांगरीत चक्क सुकट घातली, आणि भाजी फर्मास झाली. काकीसांना कळवायचं की नाही, अजून ठरत नाहीये. बॅग मोकळी झाली तशी मी ती माळ्यावर टाकायला स्टुलावर चढले.

"खालीच ठेव," आई म्हणाली. आता तिच्यात जुन्या साड्यांची दुपटी घडी घालून ठेवली आहेत. परवा तर मोबाईल घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"मागच्या कारखान्याचा आवाज ह्याच्यान भरून दे. मना तिथं झोप न्हाय येत."