धोंडिबाचा जामीन आणि म्हादूचा बैल

वडगावच्या कोर्टात मी वकिलांचा कारकून होतो. कारकुनाच्या डोक्यात कायदा फारसा शिरत नाही, किस्से मात्र साचत जातात, दौतीच्या तळाशी गाळ साचतो तसे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ही एकच केस घ्या. ती मला आजही नीट कळलेली नाही.

वडिवळ्याचे धोंडिबा आणि म्हादू शेजारी. दोघांकडे एकेकच बैल, म्हणून जोडी जुळवून दोघांची भातखाचरं लावणीआधी आळीपाळीने चिखलायची. एकदा बांधावरून भांडण झालं आणि दुसऱ्या दिवशी म्हादूचा बैल धोंडिबाच्या गोठ्यात दिसला. बैल आपणहून रोजच तिकडे जायचा म्हणे. पण म्हादूने चोरीची फिर्याद ठोकली आणि धोंडिबा आत गेला.

* * *

धोंडिबाची बायको सोनाबाई आमच्याकडे आली. अण्णासाहेब वकिलांनी धीर दिला, "बाई, गुन्हा शाबीत होईपर्यंत कायदा त्याला निर्दोषच मानतो."

"मंग निर्दोष मान्साला आत कशापायी घातलाय?"

अण्णासाहेबांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार, कपाळ!

* * *

जामिनाच्या अर्जावर धोंडिबाला मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं. मोठ्या माणसापुढे गेल्यावर जे म्हणायची सवय, तेच तो हात जोडून म्हणाला, "चुकलंमाकलं आसंल तर पदरात घ्या, मायबाप."

साहेबांना वाटलं, गडी कबूलच झाला. जामीन नामंजूर. 

* * *

पुण्याच्या सेशन्स कोर्टात दाद मागायची ठरली. सोनाबाईचा जीव टांगणीला. रोपं लावणीला आलेली, आता लागली नाहीत तर वर्षभर पोरांनी खायचं काय?

"पुन्याचा सायेब बी न्हाई म्हनला तर?"

"तर मुंबईचं हायकोर्ट."

"ह्ये सायेबच येकमेकांचं ऐकंनात, मंग आमीच का ऐकायचं?"

यावरही अण्णासाहेबांनी चष्माच पुसला.

* * *

मग एके सकाळी खुद्द म्हादू दारात हजर. "वकीलसायेब, धोंड्याला बिगीबिगी सोडवा."

"म्हणजे फिर्याद मागे घेतोस?"

"न्हाई. चोरच हाय त्यो."

त्याचा बैल त्याला परत मिळाला होता, पण एका बैलावर चिखलणी होते थोडीच? दुसरा सोनाबाईच्या गोठ्यात, आणि तिने बजावलं होतं, "आदी माजा धनी आन, मंग बैल ने." बाई खमकी होती.

* * *

पुण्याहून जामीन मंजूर झाला. आता वडगावला त्याच मॅजिस्ट्रेटपुढे कुणीतरी जमीनवाल्याने धोंडिबासाठी जामीन राहायचं होतं. सगळं गाव लावणीत. आला एकटा म्हादू, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "तूच म्हणतोस हा चोर, आणि तूच त्याला जामीन?"

"त्यो चोर हाय आसं मी म्हन्तोय. तुमी अजून कुटं म्हनलाय?"

साहेबांनी कागदावर सही केली. तुरुंगातून आणलेला धोंडिबा मागून म्हणाला, "फिर्याद का केली, त्ये इचारा की त्याला."

म्हादूने वळूनही पाहिलं नाही. "त्ये लावनी झाल्यावर. चल."