न उतरलेला पारा

मा सान यीचा धाकटा भाऊ गेला आणि गावानं उन्हाचा विक्रम मोडला, ते एकाच दुपारी.

इरावतीकाठच्या त्या गावात हवामानाच्या नोंदी ती एकटीच घेई. त्या दुपारी मापकांच्या पांढऱ्या पेटीचं दार उघडते न उघडते, तोच हाक आली: तुझा भाऊ पडला ताडावरून, को थेट! ती तशीच धावली. संध्याकाळी परतली, तेव्हा कमाल तापमापकात पारा सत्तेचाळीस पॉइंट नऊवर होता. तो पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही. बधिर डोक्यानं तिनं आकडा कळवून टाकला.

तोवर गाव म्हणत होतं, ताडी काढणाराच तो, पिऊन चढला असेल. रेडिओवर विक्रम आला आणि गावाची जीभ फिरली. असल्या उन्हात कुणालाही घेरी येईल, म्हणे. थेटची बायको एइ न्वे मान वर करून बाजारात जाऊ लागली.

पुढं हवामान खात्याचे तपासनीस ऊ तुन वेई आले. आजूबाजूच्या केंद्रांत त्या दिवशी पारा बराच खाली होता. एइ न्वेनं त्यांच्यापुढं चहा आणि ताडगूळ ठेवला नि उंबऱ्याशीच बसली.

"पेटीचं दार उत्तरेला आहे, ठीक. पण या दिवसांत कलतं ऊन तिकडूनच आत शिरतं. त्या दिवशी बंद होतं ना?" त्यांनी मा सान यीला विचारलं. "तू हो म्हणालीस, तर मी हो लिहीन."

"ताई कधी दार उघडं टाकत नाहीत, साहेब," एइ न्वे मध्येच म्हणाली. "घरातलंसुद्धा. आमच्या ह्यांना त्यावरून किती बोलायच्या."

आदल्याच दिवशी वीटभट्टीवरून येताना मा सान यीनं मुकादमाला ऐकलं होतं. सावलीत टेकलेल्या बायांना तो उठवत होता, "थेट पडला त्या दिवसापेक्षा आज तीन अंश कमीच आहेत. उठा, नखरे पुरे." एक बाई उठताना भिंतीला धरून उभी राहिली होती.

"उघडं होतं, साहेब," मा सान यी म्हणाली. "मी धावले, तेव्हा उघडंच राहिलं."

ऊ तुन वेईंनी मान हलवली आणि आकड्यावर रेघ ओढली.

एइ न्वेनं त्यांच्यापुढचा अर्धा भरलेला पेला उचलला.

"उद्यापासून बाजारात तुम्हीच जा, ताई," ती म्हणाली. "मी नाही जायची."