खड्ड्यापाशी मुक्काम

जयपूरच्या प्रताप नगरातून आमची बस निघाली तेव्हा सोसायटीच्या फाटकाशी शेजारीपाजारी निरोपाला उभे होते आणि चारच दिवसांत आम्ही तोंड पाडून परत येणार, याबद्दल त्यांच्यात एकमत दिसत होतं.

"आंटीजी, आगे सब रोड खुदी पड़ी है," समोरच्या ब्लॉकमधले गुप्ताजी खिडकीशी येऊन म्हणाले. "इतनी बड़ी गाड़ी, और चलाएँगी आप?"

"दुसरं कोण चालवणार?" मी मराठीतच म्हणाले आणि गिअर टाकला.

ही बस पूर्वी एका शाळेची होती. मी कॉलेजातून आणि माझे यजमान श्रीकांत विमा कंपनीतून निवृत्त झालो, त्यानंतर आम्ही ती घेतली. सांगानेरच्या एका सुताराने आतली बाकं काढून पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि भिंतीला दुमडणारं टेबल बसवून दिलं. श्रीकांतांची नजर अधू झाल्यापासून ते स्टिअरिंगला हात लावत नाहीत. म्हणून चालवते मी आणि रस्ता सांगतात ते.

जायचं होतं माझ्या माहेरी, साताऱ्याला. जयपूरला बदली होऊन आलो त्याला आता उभा जन्म झाला. दरवेळी रेल्वेने गेलो आणि मधला सगळा मुलूख झोपेत ओलांडला. या खेपेला तो रस्त्याने, थांबत थांबत बघायचा होता. करौली, धौलपूर, ओरछा आणि मग दक्षिणेला. रस्ते वाईट आहेत हे मला गुप्ताजींनी सांगायची गरज नव्हती. पण रस्ते चांगले होईपर्यंत थांबायचं ठरवलं असतं, तर माझं वय काही थांबणार नव्हतं.

बस्सीला पहिला थांबा घेतला. टपरीवाल्याने द्रोणात कचोरी कुस्करून तिच्यावर गरम कढी ओतली. आपल्याकडे मिसळीवर तर्री ओततात, तसंच. आमच्या बसमधला ओटा बघायला टपरीवाला स्वतः आत येऊन गेला. "आपका तो पूरा मकान है," तो म्हणाला. मला ते फार आवडलं.

दौशापर्यंतचा रस्ता गुळगुळीत होता. पुढे मोठा महामार्ग सोडून आम्ही राज्य रस्त्याला लागलो आणि गुप्ताजींचा शब्द खरा ठरला. कुठे डांबर उखडून नुसती खडी पसरलेली, कुठे मुरमाचे ढीग अर्ध्या रस्त्यावर आलेले. डायव्हर्जनची एखादी पाटी दिसे, पण वळून कुठे जायचं हे सांगायला पुढची पाटी नसे. एका धक्क्याला लोणच्याची बरणी फळीवरून उडाली आणि पलंगभर कैरीच्या फोडी झाल्या. श्रीकांत एक फोड उचलून तोंडात टाकत म्हणाले, "मुरलंय चांगलं."

बाहेर मोहरीची नुकती पेरलेली शेतं होती आणि दूरवर अरवलीच्या फिक्या निळ्या रांगा. मी सावकाश चालवत होते. घाई कशाचीच नव्हती.

पुढचं सगळं जिथे घडलं, त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांना माझ्यामागे त्रास व्हायला नको. दुपार कलली होती. पुढे एक ट्रक धुरळा उडवत चालला होता. एकाएकी तो उजवीकडे वळला. धुरळ्यात मला काहीच दिसेना, म्हणून मी ब्रेक दाबला. तेवढ्यात पुढचं डावं चाक खाली गेलं. खालून काहीतरी मोडल्याचा आवाज आला, ओट्यावरची भांडी पुढे आली आणि श्रीकांतांचं कपाळ समोरच्या काचेवर आपटलं.

धुरळा खाली बसल्यावर खड्डा दिसला. पुलिया (ओढ्यावरची छोटी मोरी) नव्याने बांधायला डाव्या बाजूचा अर्धा रस्ता माणसाच्या उंचीपेक्षा खोल खणून ठेवला होता. तळाशी लोखंडी सळया सरळ वर तोंड करून उभ्या होत्या. ना पाटी, ना दिवा, ना दोरी. काठावर फक्त बाभळीची एक वाळकी फांदी ठेवलेली होती, आणि ती आता आमच्या चाकाखाली होती.

श्रीकांतांच्या कपाळातून रक्त येत होतं. मी त्यांना खाली उतरवत होते, तोच मागून येणाऱ्या मोटारसायकलने आमची बस बघून करकचून ब्रेक मारला आणि ती खडीवर घसरून आडवी झाली. नवरा, बायको आणि मध्ये बसलेली त्यांची लहान मुलगी. मुलीचा गुडघा सोलवटला होता, बाकी सगळे धड होते. मी प्रथमोपचाराची पेटी काढली. आधी मुलीचा गुडघा धुतला, मग श्रीकांतांच्या कपाळाला पट्टी बांधली.

त्या बाईचं नाव कमला. पलीकडच्या ढाणीत (शेतातल्या वस्तीत) राहणारी. मुलीला कडेवर घेऊन ती खड्ड्याच्या काठाशी गेली, सळयांकडे बघितलं आणि म्हणाली, "आपकी बस ना होती, तो हम सीधे इसमें जाते."

"असं आधी झालंय का कुणाचं?" मी हिंदीत विचारलं.

"मेरा देवर। अभी तक खाट पर है।"

तिच्या नवऱ्याने, रामजीलालने, ढाणीवरून ट्रॅक्टर आणला आणि बस मागे खेचून काढली. पुढची कमानी (गाडीचा भार पेलणारे पोलादी पाटे) तुटली होती. जमलेले लोक म्हणाले, ढकलून कडेला लावा, मिस्त्री सकाळी येईल. मी मागे होऊन बघितलं. बस खड्ड्याच्या अलीकडे, बरोबर खणलेल्या पट्ट्यात उभी होती. उजवीकडून वाहनं निवांत जात होती. पाटी जिथे असायला हवी होती, तिथे आमचं घर उभं होतं.

"नाही ढकलायची," मी म्हणाले. "इथेच राहू दे."

"अगं, वेड लागलंय का तुला?" श्रीकांत कपाळाला हात लावून म्हणाले. "आपण प्रवासाला निघालोय. हे आपलं काम नाही."

"मग कुणाचं आहे?"

"माझं डोकं ठणकतंय, आपण परत जाऊ या," ते म्हणाले आणि आत जाऊन पडले. त्यांचं चूक नव्हतं. घाबरले होते ते, आणि मीही घाबरले होते. पण मला भीतीपेक्षा संताप जास्त आला होता. एवढा खड्डा खणायला माणसं आली, यंत्रं आली. मग एक पाटी रोवायला कुणी येऊ नये?

मी बसचे चारही इंडिकेटर चालू केले, मागे लाल त्रिकोण ठेवला आणि त्याच्याही मागे दगड रचले. रामजीलाल थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग ढाणीवर गेला आणि वाळूने भरलेली ट्रॉली आणून बसच्या बरीच मागे लावली. ट्रॉलीला त्याने लाल दिवाही बांधला. "पीछे से कोई ठोके, तो पहले रेत को ठोके," तो म्हणाला.

दिवस मावळायच्या सुमाराला ठेकेदाराचा सुपरवायझर जीपमधून आला. काळा चष्मा, गोड बोलणं.

"मैडम, गाड़ी हटवा लीजिए। हमारा काम रुकता है।"

"काम? इथे तर कुणीच नाही."

"मतलब, लेबर छुट्टी पर है।"

"बोर्ड कहाँ है?"

"था, मैडम। चोरी हो गया।"

"मग दुसरा लावा."

"ऊपर से आएगा।"

"आने दीजिए," मी म्हणाले. "हम रुके हैं।"

तो हसला. बाई थकतील आणि जातील, असं त्याला वाटलं असावं. पण आमच्याकडे पलंग होता, गॅस होता, टाकीभर पाणी होतं. मी पिठलं-भात केला. श्रीकांत उठून जेवले आणि पुन्हा जाऊन पडले.

सकाळी कमला ताक आणि बाजरीच्या भाकऱ्या घेऊन आली. तिच्यामागे ढाणीतल्या आणखी दोघी होत्या. त्यांनी बसचं दार उघडून ओटा, पलंग, टेबल सगळं हात लावून बघितलं. त्याच वेळी शाळेला निघालेल्या मुली सायकलींवरून आल्या. गप्पा मारत, एकमेकींच्या अंगावर रेलत, पुढे न बघता. बस दिसली तशा उजवीकडून वळसा घालून गेल्या. श्रीकांत दारात चहाचा कप घेऊन उभे होते. शेवटची सायकल दिसेनाशी होईपर्यंत ते त्या मुलींकडे बघत राहिले.

मिस्त्री आला. त्याने पाटे बदलले, हात पुसले आणि म्हणाला, "लो जी, गाड़ी तैयार।" आता थांबायला सबब उरली नव्हती. मी श्रीकांतांकडे बघितलं. ते म्हणाले, "दुपारच्याला काय करणार आहेस? मी कांदे चिरतो." तेवढ्यावरून मला सगळं कळलं.

कांदे चिरून झाले नव्हते तोवर हवालदार आला. मागे सुपरवायझरची जीप होतीच.

"किसकी गाड़ी है? रास्ता रोक रखा है। हटाओ।"

मी काही बोलायच्या आत श्रीकांत खाली उतरले. कपाळाला पट्टी, हातात सुरी. सुरी त्यांनी आधी माझ्याकडे दिली, मग हवालदारापुढे जाऊन उभे राहिले. घरात सहसा आवाज न चढवणारा हा माणूस. तेव्हाही चढवला नाही.

"साहब, मैंने नौकरी भर दुर्घटना के दावे देखे हैं। मरने वालों के भी। फ़ाइल में गड्ढे का फ़ोटो होता था। बोर्ड का फ़ोटो कभी नहीं होता था। गाड़ी हम अभी हटाते हैं। बस, इसके बाद यहाँ जो गिरेगा, उसका जवाब आप दोनों में से कौन देगा, इतना बता दीजिए।"

हवालदार काठाशी गेला. वाकून सळया बघितल्या. मग वळून सुपरवायझरला म्हणाला, "रात की गश्त में मैं इसी रोड से मोटरसाइकिल पर निकलता हूँ।" त्याचा आवाज बदलला होता. "बोर्ड कब लग रहा है?"

"सर, ऊपर से..."

"ऊपर से नहीं। आज।"

दुपारी टेम्पो आला. लाल-पांढरे रंगवलेले ड्रम, वाळूची पोती, चमकणाऱ्या पट्ट्या आणि 'आगे काम चालू है' अशी पाटी. मजुरांनी सगळं आमच्याच बाजूला मांडलं आणि ते निघाले.

"पलीकडून येणाऱ्यांचं काय?" मी विचारलं.

सुपरवायझरने चष्मा काढला. "मैडम, आप जाएँगी कब?"

"दूसरी तरफ़ भी लग जाए, तब।"

अर्धे ड्रम पलीकडे गेले. शेवटचा ड्रम वाळूने भरेपर्यंत आम्ही थांबलो. मग मी बस सुरू केली. ढाणीतल्या बाया रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. कमलाने खिडकीतून भाकऱ्यांचं फडकं आत दिलं आणि माझा हात क्षणभर घट्ट धरला.

पुढचा प्रवास ठरल्यासारखा झाला. चंबळेच्या मातकट घळी बघितल्या, ओरछ्याला बेतवेच्या काठी मुक्काम केला, साताऱ्याला भावाच्या अंगणात बस लावून महिनाभर राहिलो. रस्ते जागोजागी तसेच होते. दोनदा पंक्चर झालं, एकदा चुकीच्या डायव्हर्जनने उसाच्या शेतात गेलो. भाऊ म्हणाला, "ताई, परत जाताना बस ट्रकवर टाकून पाठव, तुम्ही रेल्वेने जा." मी ऐकलं नाही.

परतीला आम्ही मुद्दाम त्याच वाटेने आलो. पुलियाचं काम अजून अर्धवट होतं. मला राग आला, पण ड्रम जागच्या जागी होते. फक्त मधल्या एका ड्रमला खोल पोचा आला होता, त्याचा रंग खरवडून निघाला होता आणि आतली वाळू रस्त्यावर सांडली होती. आसपास काचेचा बारीक चुरा होता.

मी बस कडेला घेतली आणि दोघं खाली उतरलो. कुणीतरी भरधाव येऊन त्या ड्रमवर आदळलं होतं. कोण, कधी, ते तिथे सांगायला कुणी नव्हतं. खड्ड्यात वाकून बघितलं. सळया तशाच, सरळ वर तोंड करून उभ्या होत्या. त्यांच्यामध्ये काहीही पडलेलं नव्हतं.

आम्ही काही रस्ता दुरुस्त केला नाही. एका खड्ड्याभोवती ड्रम लागले, एवढंच झालं, आणि तेवढ्यासाठी एक रात्र आणि एक दिवस रस्त्यात ठाण मांडून बसावं लागलं. आमच्या वयाच्या माणसांनी आता घरी स्वस्थ बसावं, असं मला पुष्कळांनी सुचवलं आहे. जयपूरला पोचल्यावर आणखी काही जण सुचवतीलच. त्यांनी त्या ड्रमचा पोचा बघितलेला नाही.

श्रीकांतांनी सांडलेली वाळू ओंजळीने ड्रममध्ये परत भरली. मी ड्रम सरळ करून जागेवर ढकलला. मग जयपूरकडे निघालो.